शेवटचं नाव दोनदा

मार्च लागला की आमच्या घरी दोन गोष्टी एकाच दुपारी भरल्या जातात. कूलरच्या जाळ्यांत नवा वाळा आणि परीक्षेची माझी बॅग. बॅगेत काय असायचं ते ठरलेलं आहे: नेमणुकीचं पत्र, निळं पेन, लाल पेन, स्टेपलर, पाण्याची बाटली, मीठ-साखरेची पुडी, डोक्याला बांधायला पांढरा दुपट्टा. एकेक वस्तू आत जाते आणि मी यादीवर खूण करते. मला याद्या आवडतात. यादी पुरी झाली की जग निदान त्या दुपारपुरतं आटोक्यात आल्यासारखं वाटतं. मग कूलर सुरू होतो, ओल्या वाळ्याचा पहिला झोत अंगावर येतो आणि यादीत नसलेलं कोणीतरी खोलीत येऊन बसतं. तिच्या ओढणीला कापसाची तुसं चिकटलेली असतात.

मी अमरावतीला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. या दिवसांत बाहेरची परीक्षक म्हणून गावोगावी जावं लागतं. यंदा अकोला आलं. तिथल्या प्रयोगशाळेत अजून तोच निळा पडदा आणि त्यावर पिवळी अक्षरं. कूलरसुद्धा तसाच, पाण्याचे थेंब मोजून दिल्यासारखा टपटपणारा. प्रश्न सोपा होता. फाइलमधून नावं वाचायची, क्रमांक घालून पडद्यावर दाखवायची. खिडकीजवळच्या मशीनवर रोहिणी नावाची मुलगी बसली होती. तिनं हात वर केला.

"मॅडम, बाकी सगळं बरोबर येऊन राहिलं. फक्त शेवटचं नाव दोनदा येते. कावून येते ते समजूनच नाही राहिलं."

परीक्षकानं उभं राहून बघायचं असतं. मी स्टूल ओढलं आणि बसले.

*

मी शिकत होते ती वर्षं वऱ्हाडात कोणी आपणहून आठवत नाही. सकाळी पेपर आला की बाबा तो लगेच उघडायचे नाहीत; आज कोणत्या गावच्या शेतकऱ्यानं औषध घेतलं ते त्यात असायचं. घडी तशीच मांडीवर ठेवायचे, चहा संपवायचे, मग उघडायचे. बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लहान होत चालली होती. एरवी होळीपर्यंत चालणारी जिनं, म्हणजे सरकी काढायचे कारखाने, संक्रांतीलाच गप्प व्हायला लागली होती. गप्प जिनावरून जाताना वाटायचं, आत कोणीतरी श्वास रोखून बसलं आहे.

आमचा कॉम्प्युटरचा क्लास अमरावतीत जयस्तंभ चौकाजवळ, वरच्या मजल्यावर होता. खाली बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. औषधाचा उग्र, गोडसर वास जिन्यानं वर यायचा. खाली चौकात कितीही दंगा करत आलेली पोरं जिना चढताना आवाज खाली आणायची. कोणी तसं सांगितलेलं नव्हतं. वर गेलं की मात्र वाळ्याचा वास, गरम झालेल्या मशीनचा वास आणि इंगोले सर.

सरांनी हजेरी घ्यायची आपली पद्धत काढली होती. आल्यावर प्रत्येकानं पहिल्या मशीनवर जायचं, त्या दिवसाच्या फाइलच्या तळाशी आपलं नाव टाइप करायचं. सगळे आले की आम्हीच सी भाषेत लिहिलेला एक छोटा प्रोग्राम चालवायचा. तो फाइल उघडायचा, एकेक नाव वाचायचा, पुढच्या-मागच्या फालतू मोकळ्या जागा काढून टाकायचा, पहिलं अक्षर मोठं करायचा आणि यादी दाखवायचा. सर यादी वाचून हजेरी पुकारत. प्रोग्राम चुकला तर ते हात लावायचे नाहीत. "चूक तुमची, तर शोधसान बी तुमीच," म्हणायचे. "परीक्षेत मी येनार हाय का तुमच्यासंग?"

आणि प्रोग्राम चुकत होता. काही दिवशी यादी अगदी बरोबर यायची. काही दिवशी शेवटचं नाव दोनदा. रोज चुकला असता तर पकडता आला असता. तो मनाला येईल तेव्हा चुकायचा.

शेवटचं नाव बहुतेक नसरीनचं असायचं. ती अकोल्याहून पॅसेंजरनं बदनेऱ्याला उतरायची आणि ऑटोत कोंबून अमरावतीला यायची. उंच, सावळी, चालताना चपला वाजवणारी. घरात हिंदी, बाहेर वऱ्हाडी, आणि भांडताना दोन्ही. एका मशीनवर दोघींनी बसायचं असे, माझ्या मशीनवर ती.

"आज दोन नसरीन दिसून राहिल्या," सर पडद्याकडे बघून म्हणायचे. "कोनती खरी समजायची?"

"एक बदनेऱ्याले उतरते सर. दुसरीले झोप लागते, ते नागपूरले जाते."

"परीक्षेले कोनती येनार?"

"जिचा अभ्यास झाला ते."

वर्ग हसायचा. सर हसू दाबून पुढं जायचे. मी त्या वेळीही वहीत लिहून ठेवायचे: चूक अजून सापडली नाही.

*

मग वर्ग रिकामा व्हायला लागला. नांदगाव खंडेश्वरचा गजानन एका सोमवारी यादीत दोनदा आला आणि त्याच आठवड्यात यायचा थांबला. पुण्याला कंपनीत लागला म्हणे. रिद्धपूरहून येणारी सविता दोनदा आली; तिचं लग्न इतक्या घाईनं ठरलं की तिची ओढणी खुंटीवर तशीच राहिली. तिसऱ्या वेळी कोणीतरी बोललंच. "पायलं का? ज्याचं नाव दोनदा, थो जाते."

बोलणाऱ्यानं हसत सांगितलं होतं, आणि कितीदा तरी दोनदा आलेली नसरीन समोरच बसली होती. पण दुसऱ्या दिवशी सगळे वेळेच्या आधी आले. नाव टाइप करायला रेटारेटी झाली. शेवटी कोणालाच राहायचं नव्हतं. एक मुलगा उशिरा आला तो आत येईचना. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहून खाली बघत होता, आपल्यामागं आणखी कोणी येतं का म्हणून. खालून औषधाचा वास येत होता आणि तो तसाच उभा. मी त्याला हसले नाही. यादी पडद्यावर उतरायला लागली की मीही खालच्या टोकाकडे आधी बघायचे.

नसरीन चपला वाजवत जिना चढली. त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "जाय रे, लिही. मी हाय ना तुह्या मागं." आणि आत येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं, "लिहा तुमी सगळे आधी. शेवटचा नंबर माहा."

ती घाबरत नव्हती असं नाही. तिला वेगळ्याच गोष्टीचं भय होतं. तिचे अब्बा अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. मालकानं जिन बंद केलं आणि सगळी यंत्रं गुजरातेतल्या कोणाला तरी विकली. यंत्रं खोलून, ट्रकवर चढवून, तिकडे पुन्हा उभी करायची होती, आणि ते काम अब्बांचं. तिकडेच नोकरीही. "जिन जिथं, अब्बा तिथं. अब्बा जिथं, आमी," नसरीननं मला सांगितलं होतं. फक्त एक वाट होती. अकोल्यातल्या एका छापखान्यात कॉम्प्युटरवर जागा होती, त्यांना परीक्षा पास झालेली मुलगी हवी होती. जागा मिळाली तर खाला, म्हणजे मावशी, तिला आपल्याकडे ठेवून घेणार होती. अब्बांनी कबूल केलं होतं. म्हणजे सगळं एकाच गोष्टीवर येऊन थांबलं होतं. परीक्षा आधी की ट्रक आधी?

रोज ती आली की मी विचारायचे, "काय राहिलं?"

"पट्टे निघाले. आता रोलर काढून राहिले."

दुसऱ्या दिवशी, "रोलर गेले. पंखे राहिले अन् प्रेस."

गाठी बांधायची ती प्रेस सगळ्यांत जड. तिला दिवस लागतील, असं अब्बा म्हणाले होते. आम्ही त्या न पाहिलेल्या यंत्राच्या जडपणावर विसंबून होतो. माणसं देवाला मागतात तसं मी एका प्रेसला मागत होते, की हलू नकोस.

*

दुपारी वीज असायची तेवढ्या वेळात आम्ही चूक शोधायचो. माझी पद्धत म्हणजे संशयितांची यादी. फाइल नीट उघडत नसेल. मोजणी एकानं जास्त होत असेल. मोकळ्या जागा काढताना गडबड होत असेल. एकेक तपासायचं आणि खोडायचं. मी माझी चार नावांची फाइल बनवली, प्रोग्राम चालवला, बरोबर. पुन्हा चालवला, बरोबर. नसरीननं तीच नावं स्वतः टाइप केली आणि शेवटचं नाव दोनदा.

"तुह्या हातचं खाते चुपचाप," ती म्हणाली. "माह्या हातचं दिलं का ओकते."

यादीतले सगळे संशयित खोडून झाले. उरलं ते एकच, जे मला लिहायचं नव्हतं. प्रोग्रामला माणसं ओळखू येतात.

मग नसरीननं यादी बाजूला सारली. "हे बंद मशीनशी बोलनं झालं. हळू फिरव, अन् पाय, कुठं अडते." लहानपणी जिनात डबा द्यायला जायची तेव्हा तिनं अब्बांना पट्टा हातानं सावकाश फिरवताना पाहिलं होतं. आम्ही प्रोग्राम तसाच फिरवायला लागलो. एक कळ दाबायची, एक ओळ पुढं जायची. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत प्रोग्रामच्या हातात त्या क्षणी कोणतं नाव आहे ते दिसायचं. त्याआधी तिनं पुन्हा एकदा नावं टाइप केली, आणि या वेळी मी पडदा सोडून तिच्या हातांकडे बघत होते.

शेवटचं नाव झालं. तिच्या उजव्या करंगळीनं एंटर दाबलं. आणि त्याच वेळी तिचा डावा हात थोडा उचलला गेला, हवेत, जिथं काहीच नव्हतं तिथं.

"हे काय केलं?"

"काय?"

"हात."

ती आपल्या हाताकडे बघत राहिली. मग हसली. अकोल्याला तिनं आधी टायपिंगचं शिक्षण घेतलं होतं. टाइपरायटरवर ओळ संपली की डाव्या हातानं दांडा ओढून गाडी मागं आणायची. शेवटच्या ओळीनंतरही. अर्धवट सोडलेली गाडी म्हणजे मास्तरांची छडी. टाइपरायटर सुटला होता, हात अजून दांडा शोधत होता. गजाननही टायपिंग शिकून आला होता. सविताही. मी नाही. शेवटच्या नावानंतर मी एंटर दाबतच नव्हते. घरी लवकर पगार यायला हवा अशी घरं मुलांना आधी टायपिंगला घालत. तीच मुलं लांबून येत, उशिरा पोचत, शेवटी नाव लिहीत. आणि जायची वेळ आली की तीच आधी जात. प्रोग्राम कोणाला ओळखत नव्हता. आम्हीच आम्हाला ओळखलं नव्हतं.

पुढचं एकेक ओळ चालवून दिसलं. आमचा प्रोग्राम दर फेरीला आधी विचारायचा, "फाइल संपली का?" आणि मग वाचायचा. पण शेवटच्या नावानंतर एंटर असेल तर ते नाव वाचून होतं तेव्हा फाइललाच ठाऊक नसतं की आपण संपलो. ती म्हणते, नाही संपले. प्रोग्राम विश्वासानं पुन्हा वाचायला जातो. तिथं काही नसतं. पण त्याच्या हातात मघाचंच नाव अजून असतं, कारण नवं काही न आल्यामुळं जुनं पुसलं गेलेलं नाही. तो तेच पुन्हा लिहितो.

त्या छोट्या चौकटीत आम्ही ते पाहिलं. वाचन झालं, काही आलं नाही, आणि चौकटीत Nasreen तसंच उभं.

"आधीच कावून विचारून राहिला हा संपलं का म्हणून?" नसरीन पडद्याला म्हणाली. "वाचून पाय ना बाप्पा. हाती आलं नाई तर थांब."

दुरुस्ती एका ओळीची होती. वाचायचं, काही आलं तरच लिहायचं. आम्ही प्रोग्राम चालवला. नाव एकदाच आलं. वर्गातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, सर खुर्चीतून उठून बघायला आले. नसरीन मात्र बराच वेळ पडद्याकडे बघत होती.

"किती एकटी दिसून राहिली वं मी," ती म्हणाली.

*

मी ही चूक आता दरवर्षी शिकवते. फळ्यावर चौकटी काढते, बाण काढते. मुलं उतरवून घेतात. समजायला अवघड नाही. पण शिकवताना एका वाक्याशी माझा खडू दरवर्षी थांबतो. शेवट आला आहे हे शेवटाच्या आधी कळत नाही. पुढं हात घातल्यावर तो रिकामा परत येतो, तेव्हाच कळतं. ती वर्षं अशीच गेली. कापसाची शेवटची गाडी बाजारात आली त्या दिवशी ती शेवटची आहे असं कोणी म्हणालं नाही. जिनाचा शेवटचा भोंगा वाजला तेव्हा लोकांनी घड्याळं लावून घेतली असतील. आम्ही रोज सकाळी पुढची ओळ वाचायला जात होतो आणि हातात कालचंच काहीतरी होतं.

*

परीक्षा पुढं गेली. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांची अडचण होती की विजेची, नोटिशीवर लिहिलेलं नव्हतं. दारावर पुढच्या सोमवारची तारीख घातलेला कागद चिकटवलेला होता, बस. नसरीननं तो उभ्यानं वाचला. "काय राहिलं?" मी विचारलं.

"प्रेसच राहिली."

शनिवारी ती आली, शेवटी नाव टाइप केलं, डावा हात उचलला गेला तसा माझ्याकडे बघून हसली. जाताना जिन्यावरून ओरडली, "वैशू, सोमवारी जागा धरून ठेवजो."

मी जागा धरली. स्टुलावर माझी ओढणी ठेवली.

परीक्षक वयस्क होते, कोरड्या घशाचे. प्रश्नपत्रिकेसोबत नमुन्याची फाइल म्हणून सरांनी शनिवारचीच हजेरी दिली होती. मला आलेला प्रश्न तोच होता, आमचाच. मी लिहिलं, चालवलं, नावं एकेक उतरली. शेवटी तिचं. एकदाच. परीक्षकांनी वाकून पाहिलं.

"ही शेवटची कोण? हिची जागा रिकामी दिसते."

"अकोल्याची आहे, सर. गाडी लेट असेल."

त्यांनी शिपायाला खूण केली. शिपाई दारात गेला आणि जिन्याकडे तोंड करून त्यानं पुकारलं, "शेख नसरीन." हाक खाली गेली, दुकानापर्यंत, आणि तिथंच राहिली. शिपाई परत आला. परीक्षकांनी लाल पेनाचं टोपण काढलं आणि हजेरीच्या कागदावर तिच्या नावापुढं पट्टीनं सरळ रेघ मारली.

प्रोग्राम बरोबर होता. मला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

मागं एकदा जिन्यावर अडून उभा राहिलेला तो मुलगा दुपारी म्हणाला की नसरीन यायची त्याच पॅसेंजरनं तो आला होता. गाडी वेळेवर होती.

पुढच्या महिन्यात मी अकोल्याला जाऊन आले. जिनाच्या जागी सिमेंटचे चौथरे होते आणि त्यांतून वर आलेले बोल्ट. सगळ्यांत मोठा चौथरा प्रेसचा असावा. कुंपणाच्या तारेला कापूस अडकून होता. शेजारच्या पानठेल्यावर विचारलं. "थे? थे तं गेले ना. ट्रकातच बसून गेले सारे." कुठं? "आता थे कसं सांगू? ट्रक जाते तिकडं." खालाचं घर मला ठाऊक नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं, कारण ते विचारायची वेळ यायची होती.

यंदा त्याच रस्त्यानं परीक्षेला गेले. तिथं आता लग्नाचं लॉन आहे. दिव्यांच्या माळा दिवसाही लटकत होत्या. गाडीतून मला चौथरे दिसले, मग मी डोळे नीट उघडले.

*

"तू आधी काय विचारतेस, ते बघ," मी रोहिणीला म्हणाले. "आणि वाचतेस कधी?"

तिनं ओठ चावला. एकेक ओळ चालवायला लागली. कोपऱ्यातल्या चौकटीत नावं बदलत गेली आणि शेवटचं नाव थांबून राहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, हे तं काहीच न वाचता लिहून राहिलं!"

"मग?"

"आधी वाचायला लावते. आलं तरच लिवील."

ती भराभर टाइप करायला लागली. नावं तिच्याच बॅचची होती. या वेळी शेवटचं नाव एकदाच आलं: कोमल. मी शेजारच्या मशीनकडे पाहिलं. खुर्चीवर एक ओढणी ठेवलेली होती.

"ही कोण?"

"कोमल, मॅडम. पातूरहून येते एसटीनं. येईलच. फोन लागून नाही राहिला तिचा, पण येईल ते. कालपर्यंत आली होती."

वेळ संपत आली होती. माझ्या कागदावर पुढचं काम लिहिलेलं होतं: हजेरी बंद करणे. प्रयोगशाळेतले मदतनीस भाऊ पट्टी घेऊन आले. "मॅडम, मारू का रेघ?"

मी माझं काम कधी मागं ठेवत नाही. लाल पेन बॅगेत जागच्या जागी होतं. मी ते काढलं, टोपण न काढताच टेबलावर ठेवलं आणि दारात गेले. बाहेरचा व्हरांडा उन्हानं पांढरा पडला होता. मागं कूलर टपटपत होता. मी तिचं पूर्ण नाव पुकारलं. हाक व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली, वळली, जिना उतरली.

कोणी आलं नाही.

रोहिणी टाइप करायची थांबली होती. मी दाराची चौकट धरली आणि तेच नाव पुन्हा एकदा पुकारलं.